बाबांच्या बारा बाटल्या

डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी माझ्या क्लिनिकमध्ये एका आजींचा गुडघा हळूहळू वाकवत होते. फोनवर रिसेप्शनवरची मुलगी होती. घाबरलेली माणसं करतात तसं ती काय झालं ते सोडून त्याच्या आधीचंच सगळं सांगत होती. खरेकाका तपासणीला आले होते, नंबर लागायला वेळ होता म्हणून बाकावर बसले होते, आणि बसल्या बसल्या त्यांनी तिला सांगितलं की भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता डावीकडे कलला आहे. तिला तो सरळच वाटत होता. पण काका ऐकेनात. शेवटी ती स्टुलावर चढली, तक्त्याची एक कड उचलली आणि मागे न बघता विचारलं, "आता?" उत्तर आलं नाही. तिला वाटलं अजून कललेला असेल, म्हणून तिने आणखी थोडा उचलला... मी पोचले तेव्हा बाबा त्याच बाकावर भिंतीला डोकं टेकून बसल्यासारखे दिसत होते. माझ्या सासऱ्यांचं, श्रीधर खरे यांचं, या जगातलं शेवटचं वाक्य ही एक तक्रार होती. ती रास्त होती, हे डॉक्टरांनी मला नंतर स्वतः सांगितलं.

बाबांचं नारायण पेठेत चष्म्याचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढीच जागा. पण त्या जागेत बाबा सम्राटासारखे वागायचे. एखादी बाई जरा आधुनिक फ्रेम दाखवा म्हणाली की ते सांगायचे, मी चेहरा बघून फ्रेम देतो, मासिक बघून नाही. समोरच्या माणसाचा चष्मा वाकडा बसलेला त्यांना सहन होत नसे. न विचारता ते तो त्याच्या नाकावरून उचलायचे, काडी दोन बोटांत धरून किंचित वाकवायचे आणि परत चढवायचे. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांचा चष्मा त्यांनी असाच उतरवला होता. वडील आंधळ्यासारखे चहाची बशी चाचपत राहिले आणि इकडे बाबा काडी वाकवत माझ्या शिक्षणाची चौकशी करत होते. वडील पुढे सगळ्यांना सांगायचे की लग्नाला मी होकार दिला तो मुलाकडे बघून नाही, त्या दिवसापासून चष्मा कानामागे टोचायचा थांबला म्हणून.

दारूच्या बाबतीत बाबांचं सोवळं जगावेगळं होतं. आमच्या घरात व्हिनेगर येत नसे, कारण ते कशापासून करतात हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. समीरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मित्राने परदेशातून आणलेला चॉकलेटचा डबा त्यांनी मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचून जसाच्या तसा परत पाठवला होता. लग्नकार्यात सरबताचा पेला हातात आला की आधी वास घ्यायचे, मग आजूबाजूच्या माणसांचे डोळे बघायचे आणि मगच एक घोट. अशा माणसाने वाईनमध्ये पैसे घालावेत, आणि तेही एका फोनवर, हे मी सांगितलं तर त्यांना ओळखणारा माणूस विश्वास ठेवणार नाही. म्हणून नीट क्रमाने सांगते.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या आणि पाठोपाठ बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. दुकान विकावं लागलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मंडईत जाताना बाबा ती गल्ली टाळायचे. गुडघे दुखत असतानाही लांबचा वळसा घ्यायचे आणि विचारलं तर तिकडून सावली असते म्हणायचे. दुकानाचे पैसे बँकेत पडून आहेत आणि मी घरात पडून आहे, असं ते स्वतःबद्दल सांगत. समीर सकाळी हिंजवडीला जायचा तो दिवेलागण उलटून गेल्यावर यायचा, मीही दिवसभर बाहेर. सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांना सोबत होती ती जुन्या लँडलाइन फोनची, आणि समीर तोही काढून टाकायच्या गोष्टी करत होता. त्या फोनवर एका दुपारी कुणीतरी मिस्टर खरे आहेत का असं विचारलं. बाबा नेहमीच्या ठसक्यात म्हणाले, "खरे बोलतोय." पुढचं सगळं या दोन शब्दांतून झालं.

फोनवरच्या मुलाने आपलं नाव आदित्य सांगितलं. मराठी स्वच्छ, आवाज मऊ, दर वाक्यात सर. त्याने बाबांना समजावलं की युरोपातली उत्तम प्रतीची वाईन ही प्यायची वस्तू नाही, राखायची वस्तू आहे. एका वर्षी ठरावीक बाटल्या तयार होतात. लोक त्यातल्या पीत जातात, बाटल्या कमी होत जातात आणि उरलेल्यांचा भाव वाढत जातो. आपण फक्त नावावर करून घ्यायच्या. त्या इंग्लंडमधल्या एका गोदामात थंड हवेत पडून राहणार आणि काही वर्षांनी विकायच्या. बाबांनी मला हे जेवताना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. "म्हणजे बघ मृणाल, जगभरचे दारुडे पिऊन पिऊन आपला फायदा करणार. आपण थेंबालाही शिवायचं नाही." मी म्हटलं, पण बाबा, तो माणूस कोण, त्याला आपला नंबर कसा मिळाला? ते म्हणाले, दुकानाच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी कुणी दिला असेल. चाळीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला आपली कीर्ती अजून कुठेतरी फिरते आहे असं वाटण्यात काय नवल...

आदित्यचे फोन नेमाने येऊ लागले. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला गप्पा मारायला कुणी मिळालं आहे, मारू देत. खरं सांगायचं तर वाईनपेक्षा आदित्यच बाबांना जास्त आवडला होता. तो आधी जेवण झालं का विचारायचा, मग गुडघे कसे आहेत विचारायचा, आणि हे दोन प्रश्न आमच्या घरात त्या काळात तेवढा तोच विचारत होता. बाबांचा धंदा कळल्यावर त्याने सांगितलं की त्याच्या आईला मोतीबिंदू झाला आहे आणि ती ऑपरेशनला घाबरते. झालं. बाबांनी त्या बाईंची फोनवरूनच जबाबदारी घेतली. ऑपरेशननंतर वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, थेंब घालताना बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही... मी घरी यायचे तेव्हा कधी कधी हे चाललेलं असायचं. कोण कुणाला काय विकतंय ते कळत नसे.

मग बाबा अभ्यासाला लागले. त्यांच्या तोंडी व्हिंटेज, म्हणजे वाईन कुठल्या सालची, हा शब्द आला. आयुष्यभर घरातला पंखा पाचऐवजी तीनवर ठेवायला लावणारा माणूस इंग्लंडमधल्या गोदामातल्या गारव्याची काळजी करू लागला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी देवधर एकदा वर्गणीची पावती द्यायला आले, तर बाबांनी त्यांना फ्रान्समधल्या बोर्डो या गावाची महती ऐकवली. देवधरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की बोर्डो म्हणजे ते द्राक्षांवर कीड पडू नये म्हणून फवारतात, तेच ना. बाबा म्हणाले, ते मिश्रण, हे गाव. देवधर म्हणाले, "असेल. पण फवारतात ते निदान डोळ्यांनी दिसतं." बाबा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

पैसे त्यांनी मला न सांगता पाठवले. बारा बाटल्यांची एक पेटी त्यांच्या नावावर झाली आणि तिचा फोटो आला. तो त्यांनी छापून आणला आणि रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर समीरपुढे ठेवला, लहान मुलाने प्रगतिपुस्तक ठेवावं तसा. मला वाटलं होतं समीर हसेल, फार तर वैतागेल. पण तो इतका चिडला की मला नवल वाटलं. चिडलेल्या माणसाचा आवाज चढतो, समीरचा उलट बारीक झाला होता. ओळख ना देख, कुणीतरी फोन करतो काय आणि तुम्ही पैसे देता काय, त्याला कधी डोळ्यांनी बघितलंत तरी का, असं तो एकसारखं विचारत राहिला. बाबा म्हणाले, "तू ज्या कंपनीसाठी राबतोस तिच्या मालकाला तू कधी बघितलंयस?" समीर उठून आत गेला. त्यानंतर बापलेकांचं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं. एकाच खोलीत बसून बाबा मला सांगत की त्याला म्हणावं दूध उतू जातंय, आणि समीर मला सांगे की त्यांना म्हणावं मी बंद केलाय गॅस.

थोड्याच दिवसांत आदित्यने आनंदाची बातमी दिली. हाँगकाँगचा एक शौकीन बाबांच्या बाटल्या दामदुप्पट भावाने घ्यायला तयार आहे, पण त्याला एक पेटी नको, मोठा लॉट हवा आहे. तेव्हा सरांनी आणखी काही पेट्या घेतल्या की सगळा माल एकदम निघेल. फक्त घाई करायला हवी. आता, घाई हा शब्द बाबांशी कुणी वापरू नये. गिऱ्हाइकाला घाई असली की ते मुद्दाम फ्रेम पुसत बसायचे. चष्मा घाईत घेतला की माणूस वर्षभर ठेचकाळतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. त्यांनी आदित्यला सांगितलं की चेक मी स्वतः ऑफिसात आणून देतो, त्यानिमित्ताने भेटही होईल आणि तुझ्या आईंसाठी थेंब ठेवायची एक डबी माझ्याकडे पडून आहे ती आणतो. आदित्य म्हणाला, आम्ही सगळे सध्या घरूनच काम करतो. बाबा म्हणाले, मग घरी येतो. त्यावर आदित्यला दुसरा फोन आला.

पावतीवर बाणेरचा पत्ता होता. माझी सुट्टी होती म्हणून बाबांनी मला बरोबर घेतलं. इस्त्रीचा शर्ट घातला, खिशात ती डबी ठेवली. रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडून आम्ही तिथे पोचलो, तर त्या पत्त्यावर कुत्र्यांचं पार्लर निघालं. काचेच्या दाराआड एक प्रचंड केसाळ कुत्रा टबात उभा होता, सगळा फेस आणि मधे दोन दुःखी डोळे. त्याला आंघोळ घालणाऱ्या मुलीने आमच्याकडे बघितलं, बाबांच्या इस्त्रीकडे बघितलं, आमच्याबरोबर कुत्रा नाही हेही बघितलं. मग हात पुसत बाहेर आली आणि जरा हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही पण वाईनसाठी आलात का?" आमच्याआधी दोघंजण येऊन गेले होते. एकजण कोल्हापूरहून आला होता. तिच्या मालकाने पोलिसांना कळवलं होतं, पण पत्ता कोण कशावर छापेल त्याला ते तरी काय करणार.

बाबा पार्लरच्या बाकावर बसले. मुलीने पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी ग्लास खाली ठेवला, तिच्या नाकावरचा चष्मा उचलला, काडी वाकवली आणि परत चढवला. ती थँक्यू म्हणाली. टबातल्या कुत्र्याने अंग झाडलं आणि बाबांचा इस्त्रीचा शर्ट ओला केला. परतीच्या रिक्षात त्यांनी मीटरकडे बघितलंसुद्धा नाही. मी मनात काहीबाही धीराचे शब्द जुळवत होते. युनिव्हर्सिटीचा चौक गेला, आणि मग ते म्हणाले, "त्याच्या आईचे डोळे तरी खरोखर अधू असतील का ग?" मला हसूही आलं आणि रडूही. मी म्हटलं, बाबा, तो सगळाच बनाव. ते म्हणाले, "असेल. पण असली कुणी आई, तर तिला थेंब कोण घालतंय कोण जाणे."

घराच्या जिन्यात मी त्यांना म्हटलं की समीरला मी सांगते, तुम्ही नका सांगू, परत वाद होतील. ते नाही म्हणाले. एकेकाला सांगत बसलं की दर वेळी नव्याने लाज वाटते, सगळ्यांना मिळून एकदाच सांगायचं आणि मोकळं व्हायचं. मला वाटलं सगळ्यांना म्हणजे घरातल्या दोघांना. पण पुढच्या रविवारी सकाळी सोसायटीची वार्षिक सभा होती.

सभा खाली पार्किंगमध्ये होती, भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. पाण्याच्या टाकीवर चर्चा झाली, पार्किंगवर भांडण झालं, तळमजल्यावरच्या कुंड्या कुणाच्या यावर काहीच झालं नाही. शेवटी देवधरांनी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय पुकारले आणि बाबा खुर्चीचा हात धरून उभे राहिले. समीर मागच्या रांगेत स्कूटरला टेकून उभा होता. बाबा म्हणाले, "मी चाळीस वर्षं लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून दुकान चालवलं. मला फोनवरून बारा बाटल्या विकण्यात आल्या. त्या मी पाहिलेल्या नाहीत. त्या आहेत असंही आता मला वाटत नाही. ज्याने विकल्या त्याला मी फोन केला नव्हता, त्याने मला केला होता, आणि तेव्हाच हे लक्षात यायला हवं होतं. कुणाला काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा. नंतर जिन्यात विचारू नका."

 मग दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी विचारलं की निदान चाखायला तरी मिळाली का. बाबा नाही म्हणाले. ते गृहस्थ म्हणाले, अरेरे, मग तर भलतंच झालं. दोघंतिघं हसले आणि बाबाही थोडे हसले. तेवढ्यात देवधरांनी हातातला कागद खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाले की सभेची हरकत नसेल तर मीही एक गोष्ट सांगतो, मी एके काळी इमू घेतले होते. इमू म्हणजे ते शहामृगासारखे पक्षी. शेतावर दुसराच कुणी पाळणार होता, आणि तेल, अंडी, मांस सगळं विकून नफा यांना मिळणार होता. बाबांनी विचारलं, "तुम्ही पाहिले होते?" देवधर म्हणाले, एक पाहिला होता, तो माझाच असं सांगितलं होतं. त्यानंतर सागवानाची झाडं निघाली, भिशी निघाली, एका बाईंच्या यजमानांनी कुठल्याशा बेटावर घेतलेली सुट्टीतली खोली निघाली. ज्या इमारतीत माणसं एकमेकांना दाराच्या फटीतून ओळखतात तिथे तासभर लोक आपापल्या फसवणुकी भरभरून सांगत होते. कुंड्यांचा प्रश्नही त्या भरात सुटला. देवधरांनी इतिवृत्तात काय लिहायचं ते विचारलं, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, सभा खेळीमेळीत पार पडली असं लिहा, पहिल्यांदाच खरं असेल.

समीर मात्र सभेत गप्प होता. घरी आलो, मी पानं घेतली. वरणावर तूप वाढेपर्यंत तो ताटाकडे बघत होता. मग मला नाही, सरळ बाबांना म्हणाला, "बाबा, माझेही गेलेत. तुमच्या आधी. तुमच्यापेक्षा जास्त." माझ्या हातात तुपाची वाटी तशीच राहिली. त्याच्या मोबाइलवर अनोळखी नंबरवरून संदेश आला होता. मग वाईनमधल्या गुंतवणुकीवर एक ऑनलाइन भाषण ऐकलं, टाय लावलेला माणूस, आलेख, सगळं चोख. तिथे दुसरा एखादा नंबर द्या म्हणून विचारलं, तर मोबाइलवर उगाच कटकट नको म्हणून याने घरचा लँडलाइन नंबर दिला. आपण फसलो हे बाबांनी तो फोटो टेबलावर ठेवला त्या सकाळीच त्याला कळलं होतं, कारण तसाच फोटो त्याच्याकडे होता. तेव्हापासून तो बाबांवर नाही, आरशावर चिडल्यासारखा वागत होता. मला ऐकून राग आला, आणि तो मी पुढे यथावकाश काढलाच. पण त्या क्षणी बोलायची पाळी बाबांची होती.

बाबांनी भात कालवला. "म्हणजे तो फोन तुझा होता." समीर हो म्हणाला. बाबा विचार करून म्हणाले, "मग माझंच चुकलं. दुसऱ्याचा फोन मी उचलायला नको होता." समीरने मान वर केली. बाबांच्या ओठाचा कोपरा हलताना दिसला, आणि मग दोघंही असे हसत सुटले की बाबांना ठसका लागला. जेवणं उरकल्यावर समीरने आपला फोटो शोधून काढला आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवले. बाबांनी दुकानातलं जुनं भिंग आणलं, पण त्याची गरजच नव्हती. त्याच बाटल्या, तीच फळी, मागच्या भिंतीवरचा तोच डाग. बाबा म्हणाले की एकच माल बापाच्या नावावर आणि मुलाच्याही, म्हणजे ही आता वडिलोपार्जित मालमत्ता झाली. समीर म्हणाला, बाबा, आयुष्यात पहिल्यांदा आपण दोघं एकत्र बसलो. ‘बसलो’ या शब्दाचा दुसरा अर्थ बाबांना समजावून सांगावा लागला. तो कळल्यावर त्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या आणि मग संध्याकाळी देवधरांना तोच विनोद स्वतःचा म्हणून ऐकवला.

दोघं मिळून पोलिसांत तक्रार देऊन आले. तिथल्या अधिकारी बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि परत मिळण्याची फारशी आशा धरू नका असंही स्पष्ट सांगितलं. पैसे परत आले नाहीत. मात्र काही महिन्यांनी लँडलाइनवर एका बाईंचा फोन आला. मोठ्या गोड बातमीचा आवाज होता. तुमच्या नावावरच्या बाटल्या सापडल्या आहेत, आमची संस्था अशा अडकलेल्या बाटल्या सोडवून देते, फक्त सुरुवातीचं शुल्क भरायचं. फोन समीरने घेतला होता. मी समोर होते. त्याने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने पेटी सांगितली, वर्ष सांगितलं, सगळं बरोबर होतं. त्याच्या चेहऱ्यावर आशा उमटली. इतकं शिकलेला, पोळलेला माणूस, आणि तरीही... मला त्या क्षणी भीती वाटली. बाबा काठी टेकत आले, त्यांनी त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि शांतपणे विचारलं, "बाई, आमच्या बाटल्या हरवल्यात हे आम्ही तुम्हाला सांगितलं नव्हतं. मग तुम्हाला सांगितलं कुणी? ज्याने नेल्या त्यानेच ना?" पलीकडून काहीतरी खुलासा सुरू झाला. बाबांनी तो संपायची वाट न बघता फोन खाली ठेवला आणि समीरच्या पाठीवर थोपटलं. लहानपणी त्याला ताप यायचा तेव्हा ते असं थोपटायचे, असं समीर मला नंतर म्हणाला.

त्यानंतर इमारतीत कुणालाही असा फोन आला की लोक सांगू लागले, थांबा, खरेकाकांना देतो. बाबांची दुपार परत दुकानासारखी भरली. कुणी जमीन विकायचं, कुणी सोनं, कुणी परदेशातली लॉटरी. बाबा फोन घ्यायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "मी तुम्हाला फोन केला होता का?" नाही म्हटलं की दुसरा, वस्तू कुठे ठेवली आहे, कधी बघायला येऊ. आजच ठरवायला हवं असं पलीकडून आलं की म्हणायचे, मग राहू द्या, मला उद्या सुनेला विचारायचंय. मला त्यांनी खरोखर दर वेळी विचारलं, अगदी लॉटरीबद्दलसुद्धा. आदित्यसारखा आवाज आला की मात्र ते क्षणभर थांबायचे. मग विचारायचे, तुझी आई कशी आहे? बहुतेकजण गोंधळून फोन ठेवून द्यायचे. एकाने सांगितलं, बरी आहे काका. बाबा म्हणाले, तिला सांग तू काय काम करतोस ते.

त्यांच्या गेल्या वाढदिवसाला समीरने एक उद्योग केला. दुकानात जाऊन खरीखुरी रेड वाईनची एक बाटली विकत आणली, आपल्या इकडचीच, साधी, आणि पेढ्यांशेजारी ठेवली. मला वाटलं आता ही खिडकीबाहेर जाणार. बाबांनी ती दोन्ही हातांनी उचलली, उजेडात धरली, तळाशी गाळ आहे का बघितलं, भिंगातून लेबलावरचं सगळं वाचलं आणि बिल आहे का विचारलं. बिल होतं. मग म्हणाले, काच चांगली आहे. ती त्यांनी आपल्या खोलीतल्या फळीवर, आईच्या फोटोपासून सर्वांत लांबच्या टोकाला ठेवली. उघडायचा प्रश्नच नव्हता. अधूनमधून जेवताना ते समीरला विचारत, काय रे, भाव काय झाला असेल आता? समीर म्हणे, वाढला असेल बाबा, धरून ठेवा.

बाबा गेल्यानंतर त्याच फळीच्या मधोमध आम्ही त्यांचाही फोटो ठेवला. सुमनआत्या, बाबांची धाकटी बहीण, नागपूरहून येऊन राहिल्या होत्या. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली तेव्हा त्यांचं फळीकडे लक्ष गेलं. बाबांनी सगळ्या इमारतीला सांगितलं होतं, पण बहिणीला काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं की दादा शेवटी शेवटी घेत होता का. मी त्यांना सगळं सांगितलं, इथे लिहिलंय तसंच. कुत्र्याच्या आंघोळीपाशी त्या हसायला लागल्या आणि थेंबांच्या डबीपाशी त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग सावरून म्हणाल्या की ते सगळं खरं, पण फोटोच्या ओळीत बाटली बरी दिसत नाही, उचला ती. समीर दारात उभा होता. म्हणाला, "राहू दे आत्या. बारांतली ही एकच घरी आली."

आत्या फळीपाशी गेल्या, बाटली उचलून आणखी वीतभर लांब, अगदी भिंतीला लागेल अशी ठेवली आणि मधल्या जागेत मोगऱ्याची वाटी सरकवली.

"बंद आहे ती, आत्या," समीर म्हणाला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "त्याला वास सहन व्हायचा नाही."